आईला एसटीत गाडी लागते, मग सोलापूर–गोवा छोट्या विमानात काय काळजी घ्यावी?

तुम्ही विचारलंय की आईला पंढरपूर येईपर्यंत दोन-तीनदा ओकारी होते, आता तिला गोव्याच्या त्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) विमानानं न्यायचंय, तर सीट कुठली घ्यावी, गोळी कधी द्यावी आणि परतीचं काय करावं. एवढंच असतं तर मी वाचून पुढं गेलो असतो. पण शेवटी तुम्ही लिहिलंत, 'वडील म्हणतात, हे सगळे मनाचे खेळ आहेत.' ते वाक्य मला लागलं. कारण तुमच्या वडिलांचं हे वाक्य मी तीस वर्षं म्हटलेलं आहे.

मी एसटीत कंडक्टर होतो. 1986 ला लागलो, 2019 ला सुटलो. तेहतीस वर्षांत मला एकदाही गाडी लागली नाही. रत्नागिरी गाडीवर ड्यूटी असली की आंबा घाटात मी पाठ दांड्याला टेकवून, मान खाली घालून वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, लिहायचो. मागं चार बायका खिडकीतून डोकी काढून बसलेल्या, पुढं एखादं पोरगं आईच्या पदरात ओकतंय, आणि मी मधून 'सुट्टे काढा, सुट्टे' करत चाललोय. हा आपला गुण आहे, आपलं पोट पोलादी आहे, असं मला वाटायचं. ज्यांना लागतं ती माणसं कच्ची. कुणी ओकलं की मी मातीची पाटी पुढं करायचो आणि तोंड वाकडं करायचो. आज आठवलं की बरं वाटत नाही.

आमच्या हिला पहिल्यापासून लागतं. लग्न 1989 चं. लग्नानंतर गणपतीपुळ्याला जायचं ठरलं, आणि पैसे वाचतील म्हणून मी माझ्याच ड्यूटीच्या गाडीत तिला बसवलं. मागच्या चाकाच्या मागची सीट दिली, कारण पुढच्या सीटा प्रवाशांना लागतात. घाट लागला आणि ती सुरू झाली. सगळ्या गाडीदेखत मी म्हणालो, "नाटकं पुरे कर, कंडक्टरची बायको आहेस." गाडीत दोघंचौघं हसले. एका म्हातारीनं पिशवीतून अर्धं लिंबू काढून तिच्या हातात दिलं. त्या म्हातारीचं लुगडं कोणत्या रंगाचं होतं हे आमची ही आजही सांगते. त्यानंतर माझ्या ड्यूटीच्या गाडीत ती परत कधी चढली नाही.

आता विमान. होटगी रोडवरच्या विमानतळाकडं आम्ही सोलापूरकर किती वर्षं नुसतं बघत होतो ते तुम्हाला ठाऊकच असेल. जून 2023 मध्ये विमानाच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली, त्यावरून गावात किती भांडणं झाली तेही ठाऊक असेल, ते इथं काढत नाही. 9 जून 2025 ला गोव्याचं विमान सुरू झालं. मुलगी म्हापशाला दिलीय, तिला मुलगा झाला, बारशाचं बोलावणं आलं. मी म्हटलं रात्रीच्या गाडीनं जाऊ. ही म्हणाली, घाटातनं मी येत नाही, विमानानं न्यायचं तर न्या. मी हसलो. एसटीत ओकणारी विमानात काय करणार, म्हटलं बघूच.

तिनं काय केलं ऐका. मुलाला फोन करून सांगितलं की मला मधली सीट बघ, पंखाजवळची. तिला विमानातलं काही कळत नाही, पण एसटीतलं पस्तीस वर्षांचं कळतं: चाकामागं बसलं की जास्त आदळतं, मधे कमी. विमानाचंही तसंच आहे. पंखाजवळ हालचाल सगळ्यात कमी, शेपटीला सगळ्यात जास्त. निघायच्या आधी तिनं साखर लावून अर्धी पोळी खाल्ली. ना उपाशी, ना भरपेट. गोळी घेतली ती विमान सुटायच्या तासभर आधी. घरातून निघताना नाही, कारण विमानतळावर लवकर जाऊन बसावं लागतं.

मी काय केलं तेही ऐका. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर वाटीभर दही, वर चहा. मुलानं विचारलं तुम्हाला कुठली सीट, तर म्हटलं दाराजवळची. कंडक्टरची जागा दाराशी. त्या विमानाचं प्रवाशांचं दार मागच्या बाजूला असतं, त्यामुळं मला मिळाली अगदी शेवटची रांग. वर जाऊन बसलो, आणि सवयीनं डोकी मोजायला लागलो. मोजली, बोर्डिंग पासच्या मागं पेननं आकडा लिहिला, आणि एका फेरीला गल्ला किती होतो त्याचा गुणाकार मांडला. मान खाली, चष्मा नाकावर. सह्याद्री जवळ आला असेल तेव्हा ढग लागले. पहिला धक्का बसला तेव्हा मला गंमत वाटली. दुसऱ्याला हातातला पेन सरकला. तिसऱ्यानंतर कपाळावर घाम, कानामागं गार, आणि तोंडाला जे पाणी सुटलं ते थांबेना. तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडावर बघितलेलं सगळं मला ओळखू येत होतं. पुढच्या सीटच्या खिशातली कागदी पिशवी उघडायलाही मला जमेना. शेजारच्या कॉलेजच्या पोरानं उघडून दिली आणि "होतंय की ओ काका, टेन्शन घेऊ नका" म्हणाला. शेंगाचटणी पुन्हा बघितली. गोव्यातल्या मोप्याच्या विमानतळावर उतरेपर्यंत दोनदा.

आणि ही? डोकं सीटला टेकवून, डोळे मिटून, वरची हवेची तोटी तोंडावर सोडून बसलेली. उतरल्यावर माझं तोंड बघितलं, एक अक्षर बोलली नाही. पाण्याची बाटली दिली फक्त. तिच्या सीटच्या खिशातली कोरी पिशवी मात्र तिनं पर्समध्ये घालून घरी आणली. आता त्यात विजेची बिलं ठेवते. 'नाटकं' हा शब्द तिनं काढला असता तर मला हलकं वाटलं असतं.

तर मनाचे खेळ वगैरे काही नाही. कानाच्या आतल्या भागात तीन अर्धगोल नळ्या असतात, त्यात पाणी असतं, डोकं हललं की ते हलतं आणि मेंदूला कळतं की आपण हलतोय. त्याच वेळी डोळे समोरच्या सीटकडं किंवा मोबाइलकडं बघत असतात आणि सांगतात की काहीच हलत नाहीये. दोन साक्षीदार दोन जबान्या देतात, आणि मार पोटाला बसतो. ज्याचे कान धड आहेत अशा कुणालाही हे होऊ शकतं. मोठ्या जेट विमानात कमी जाणवतं कारण ती 35,000 फुटांच्या आसपास, बहुतेक ढगांच्या वर जातात. आपलं पंख्याचं विमान 25,000 च्या वर जातच नाही, आणि तासाभराच्या फेरीत तेवढंही वर जायला वेळ कुठं असतो. म्हणून पावसाळ्यात ते ढगांतनं जास्त चालतं. यात विमान कंपनीचा किंवा पायलटचा दोष नाही.

मग मला तेहतीस वर्षं का नाही लागलं? सवय. पण सवय एका हलण्याची होते, सगळ्या हलण्यांची नाही. लेलँडच्या एसटीच्या आदळण्याला माझे कान सरावले होते, खाली-वर तरंगण्याला नव्हते. रशियाचा तितोव, ज्या वर्षी मी जन्मलो त्या 1961 सालच्या ऑगस्टमध्ये अंतराळात गेला, हवाई दलाचा शिकलेला पायलट, वय पंचवीस. तिथं त्याला मळमळलं आणि उलटी झाली. अंतराळात ओकलेला तो पहिला माणूस. त्याला कुणी मनानं कच्चा म्हणून दाखवावं.

आमचा एक ड्रायव्हर जोडीदार आहे, नाव सांगत नाही, सगळे त्याला मामा म्हणतात. सातरस्त्याला चहाला भेटतो. त्याला हा किस्सा सांगितला तर म्हणतो, "तू कंडक्टर, म्हणून लागलं. ड्रायव्हरचं पोट वेगळं असतंय बे." अहो मामा, ड्रायव्हरला लागत नाही कारण स्टेअरिंग त्याच्या हातात असतं. पुढचं वळण त्याला आधीच माहीत, मान आधीच त्या बाजूला वळते. पोटाचा काही संबंध नाही. तुम्ही रिटायर झाल्यावर पुतण्याच्या गाडीत मागं बसून महाबळेश्वरला गेलात, तेव्हा पसरणी घाटात गाडी थांबवायला कोण सांगत होतं? पुतण्यानं मला सांगितलंय. हे उत्तर तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवेलच.

असो, आईचं बघू. सीट पंखाजवळची. या विमानाचा पंख वर असतो, त्यामुळं खिडकीतून खालची शेतं आणि लांबची रेघ स्वच्छ दिसते. तिला तिकडं बघू द्या. ढगात शिरलं आणि बाहेर नुसतं पांढरं झालं की डोळे मिटायचे आणि डोकं मागं टेकवायचं. मोबाइल हातात द्यायचा नाही, तिकडून आलेले नातवाचे फोटोसुद्धा नाही. आल्याची वडी चालते. वर्तमानपत्र अंथरून त्यावर बसण्याचं मला विचारू नका. पेपरवर बसलेले लोक सर्रास ओकताना मी बघितलेत, पेपरनं फक्त सीट वाचते.

गोळी आधी द्या. मळमळ सुरू झाल्यावर पोटाचं काम मंदावतं, मग घेतलेली गोळी तिथंच पडून राहते किंवा बाहेर येते. आणि हो, हे मी आधी लिहायला हवं होतं: प्रवासाच्या या गोळ्यांनी, विशेषतः प्रोमेथाझिनवाल्या, चांगलीच झोप येते. आईला काचबिंदू असेल, बीपी-शुगरच्या दुसऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नका. उतरून लगेच गाडी चालवायची असेल तर स्वतः घेऊ नका. गोव्यात उतरल्या उतरल्या त्या गोळीवर दारू प्यायला 'बसणं' तर नकोच नको. मला प्रोस्टेटचा त्रास आहे, म्हणून डॉक्टरनं मला ती गोळी नाही सांगितली. त्यामुळं परतीला मी काय केलं ते तुमच्या आईच्या उपयोगाचं नाही. मी उपाशी नाही पण अर्धपोटी बसलो, मधल्या रांगेत, हिच्या शेजारी, आणि कुणाचीही डोकी मोजली नाहीत. ढग तेवढेच होते. घाम आला, पिशवी लागली नाही.

ऑनलाइन सीट कशी निवडायची ते मला येत नाही, मुलानं केलं.

वडीलही बरोबर येणार असतील तर त्यांच्यासाठी शेवटची रांग बघा, आणि निघायच्या आधी त्यांना शेंगाचटणी-दह्याबरोबर पोटभर जेवू घाला.