दप्तरं नंतर, आधी वाचन तपास

प्रिय रोटरॅक्टर,

रोटरीच्या तरुणांच्या क्लबात, म्हणजे रोटरॅक्टमध्ये, साक्षरता समितीची जबाबदारी तुझ्याकडे आली आहे. क्लबचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, शाळा त्याआधीच भरलेली असते. पहिल्याच बैठकीत कुणी दप्तरं वाटू म्हणेल, कुणी ई-लर्निंग संच. दोन्ही सध्या बाजूला ठेव. फोटो छान येतात, पण पाचवीतल्या मुलाला दुसरीची गोष्ट वाचता येते का, ते त्यातून कळत नाही.

मुख्याध्यापकांना भेट, शाळा व्यवस्थापन समितीचा होकार घे, आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांच्या कानावर घाल. मग तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाचं वाचन तपास. ग्रामीण मुलांचं वाचन घरोघरी तपासणारं ‘असर’ सर्वेक्षण २००५ पासून जी पद्धत वापरतं, तीच पुरे: एका कागदावर अक्षरं, सोपे शब्द, चार वाक्यांचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून करायची. जमला तर गोष्ट द्यायची, अडखळलं तर शब्द. पाचांतले चार शब्द आले तर मूल शब्दपातळीवर, नाहीतर अक्षरांवर यायचं. एका मुलाला चार-पाच मिनिटं लागतात. साठ मुलं तिघांनी वाटून घेतली तर मधल्या सुट्टीपर्यंत आटपतात.

मुलाला एकेकटं, वर्गाबाहेर बसव. रांगेतली मुलं ऐकून परिच्छेद पाठ करतात आणि कागदाकडे न बघता ‘वाचून’ दाखवतात, म्हणून तीन-चार वेगळे नमुने जवळ हवेत. चूक दुरुस्त करायची नाही. बाई शेजारी उभ्या असल्या तर मूल त्यांच्या ओठांकडे बघतं, तेव्हा बाईंना तेवढा वेळ दुसरं काम सुचव.

गट इयत्तेनुसार नको, पातळीनुसार कर. पाचवीतली मुलगी तिसरीच्या मुलांत बसली की पालक चिडतात. त्यांना आधीच बोलावून तिच्याकडून चार शब्द त्यांच्यासमोर वाचून घे. मात्र हे चारचौघांत करू नकोस. या गटांना रोज एक तास वाचन, शाळेच्या वेळेतच.

अक्षरगटात खरी गोम असते. घ-ध आणि भ-म यांची गल्लत होते. पहिली वेलांटी अक्षराआधी दिसते, पण उच्चार नंतर येतो, त्यामुळे ‘दिवा’ वाचताना मूल थबकतं. बाराखडी तर सुरात म्हटली जाते आणि बोट तक्त्यातल्या भलत्याच घरावर असतं. मधलंच घर दाखवून विचार, म्हणजे कळेल. रफार आणि जोडाक्षरं या गटात आणूच नका, मुलांना आधी साधे शब्द धडाधड वाचू देत. पालघर किंवा मेळघाटात घरची भाषा वारली किंवा कोरकू असेल, तर अडचण अक्षराची नसून शब्दच ओळखीचा नसण्याची असते. तिथे आधी चित्रं आणि गप्पा.

रविवारी येणारे सभासद हा रोजचा तास चालवू शकत नाहीत, कितीही उत्साही असले तरी. गावातलीच बारावी झालेली एक ताई शोध आणि क्लबचा पैसा तिच्या मानधनावर घाल. एका ताईकडे पंधरा ते वीस मुलं, त्याहून जास्त नकोत.

वेळापत्रक गावाचं बघून आख. मावळ-कोकणात जुलैत भातलावणीमुळे वर्ग रिकामे असतात. बीडकडे दिवाळीच्या सुमारास कुटुंबं ऊसतोडीला निघतात आणि मुलं सोबत जातात. ऑगस्ट ते दिवाळीची सुट्टी हाच काय तो भरवशाचा काळ. सप्टेंबर हा रोटरीचा साक्षरता महिना, त्यामुळे समारंभांची गर्दी होईल. समारंभ तासाच्या वेळात घुसू देऊ नकोस. सुट्टीपूर्वी वेगळ्या नमुन्यावर पुन्हा चाचणी घे.

बायकांचा वर्ग काढलास तर पहिल्या दिवशी डोळे तपासून घे. चाळिशी उलटलेली बाई ‘माझ्या डोक्यात शिरत नाही’ म्हणते, तेव्हा बहुतेकदा तिला जवळचं दिसत नसतं.

प्रत्येक मुलाचं नाव, पहिली पातळी, दुसरी पातळी आणि गैरहजेरी एका वहीत लिही. ती वही जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुढच्या समितीप्रमुखाच्या हातात दे. पदग्रहणाच्या हारतुऱ्यांत ती हरवते.

तुझा,
एक जुना रोटेरियन