तुबकालला दोन नाही, चार दिवस द्या

तुमचा बेत वाचला. पुण्याचे चौघे, ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, प्रवास धरून दहा दिवसांची रजा. मोरोक्कोतल्या मराकेशला उतरायचं, दोन दिवसांत तुबकाल शिखर करून परत यायचं आणि उरलेले दिवस सहारात, मेर्झूगाच्या वाळूत घालवायचे. सह्याद्रीत दहा वर्षांची भटकंती, हिमालयात एकदा केदारकंठा. तुमचे प्रश्न तीन : दोन दिवस पुरतील का, गाइडशिवाय जाता येईल का आणि दोघं शाकाहारी आहेत त्यांच्या जेवणाचं काय.

मी त्या भागात दोनदा गेलोय, २०१९च्या मेमध्ये आणि २०२४च्या ऑक्टोबरमध्ये. पहिल्या वेळी आमचाही बेत अगदी तुमच्यासारखाच होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुबकाल ४,१६७ मीटर उंच. मोरोक्कोच्या हाय अ‍ॅटलास रांगेतलं आणि अख्ख्या उत्तर आफ्रिकेतलं सर्वांत उंच शिखर. बर्फ नसताना तिथे दोर लागत नाही, कातळारोहण नाही, वाट मळलेली आहे. त्यामुळे जिथे वाचाल तिथे 'सोपं' असंच लिहिलेलं सापडतं. सह्याद्रीतल्या घसाऱ्यावर तयार झालेल्या पायांना ते सोपं आहेही. पण उंची पायांना विचारत नाही, वर हवा विरळ होते आणि शरीराला तिची सवय व्हायला वेळ लागतो. मराकेश ४६६ मीटरवर. पायथ्याचं इम्लील गाव १,७४० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही थोडं वरच. शिखराखालचं रिफ्यूज, म्हणजे मुक्कामाची दगडी धर्मशाळा, ३,२०७ मीटरवर. सकाळी मराकेशहून गाडीनं निघून त्याच संध्याकाळी रिफ्यूज गाठलं की एका दिवसात पावणेतीन हजार मीटर वर जाऊन तुम्ही झोपता. केदारकंठ्याला तुम्हाला मुक्कामामागून मुक्काम करत वर नेलं होतं, आठवतंय ना? इथे तसं कुणी नेत नाही, कारण बहुतेकांना दोन दिवसच हवे असतात.

२०१९ला मराकेशच्या एका एजन्सीनं आम्हाला सांगितलं, सगळे असंच करतात. रात्री अकराच्या सुमारास आमच्यातल्या एकाचं डोकं ठणकायला लागलं. मग उलट्या, पाणीसुद्धा पोटात ठरेना. पहाटे शिखराऐवजी आम्ही खालची वाट धरली. वाटेवरच्या सिदी शमहरूशला, साधारण २,३०० मीटरवर पोचलो आणि तासाभरात हा गडी पाव मागून खायला लागला. औषध नाही, काही नाही, फक्त नऊशे मीटर खाली आलो होतो. गाइड एकच होता, त्याला आमच्याबरोबर उतरावं लागलं, म्हणून चौघांचंही शिखर राहिलं. तेव्हा पहिलं सांगणं हेच : चौघं असाल तर गाइडबरोबर एक मदतनीस नक्की घ्या. एकाला खाली न्यायची वेळ आली तर बाकीच्यांचा रस्ता बंद होत नाही.

आता दिवस कसे लावायचे ते. मी सुचवतो तो पश्चिमेकडून वळसा घालून जाणारा मार्ग. पहिल्या दिवशी मराकेशहून अस्नीमार्गे इम्लील. अंतर साठ-पासष्ट किलोमीटर, सामायिक टॅक्सी मिळते, अस्नीला बदलावी लागते. शनिवार असेल तर अस्नीचा आठवडी बाजार बघा, घाई करू नका. दुपारी इम्लीलहून तासाभराची चढण चालून अरूमद गावात मुक्काम. दुसऱ्या दिवशी तिझी न'म्झिक ही खिंड (२,४८९ मीटर) ओलांडून पलीकडे तमसूल्तला उतरायचं. 'तिझी' म्हणजे तिथल्या अमाझिग लोकांच्या भाषेत खिंड, आणि 'अझिब' म्हणजे मेंढपाळांचा हंगामी वाडा. तमसूल्त हा असाच एक अझिब. ऑक्टोबरपर्यंत बरेच मेंढपाळ खाली गेलेले असतात, म्हणून तंबू आणि शिधा खेचरावर बरोबर असू द्या.

तिसरा दिवस या ट्रेकचा खरा दिवस. तमसूल्तहून अगेल्झिम खिंडीची नागमोडी चढण सुरू होते आणि वळणांमागून वळणं घेत साडेतीन हजार मीटरच्या वर नेते. वर पोचलात की मिझान खोऱ्याच्या पलीकडे तुबकाल समोर उभा राहतो, त्याची पूर्ण धार डोळ्यांत मावते. रिफ्यूजच्या नेहमीच्या वाटेनं गेलं तर हे कधीच दिसत नाही, कारण ती वाट शिखराच्या पोटातून जाते. तिथून आडव्या वाटेनं उतरत रिफ्यूज. म्हणजे साडेतीन हजारांवर जाऊन ३,२०७ला झोपलात, आणि आदली रात्र साधारण सव्वादोन हजारांवर काढलेली. शरीराला हवं ते इतकंच.

चौथ्या दिवशी पहाटे शिखर. ओढा ओलांडला की दक्षिणेकडच्या घळीतून चढ सुरू होतो आणि तो सगळा घसारा आहे : मोठे धोंडे, मग खडी, मग पुन्हा धोंडे. तिझी न'तुबकालवर वारा लागतो, तिथे जाकीट आधीच अंगात हवं. तिथून डावीकडे धारेनं माथा, त्यावर लोखंडी त्रिकोणी मनोरा. नोंदलेली पहिली चढाई १२ जून १९२३ची, फ्रेंचांची. चढायला तीन ते चार तास, उतरायला अडीच. उतरताना गुडघे बोलतात, काठ्या न्याच. संध्याकाळी सरळ वाटेनं अरूमद गाठता येतं. सिदी शमहरूशचं पीरस्थान याच वाटेवर लागतं. पांढरा रंग दिलेला मोठा कातळ, कडेला चहाची दुकानं. पुलाच्या पलीकडे दर्ग्यात मुस्लिमेतरांनी जायचं नाही, हा नियम मनापासून पाळा.

रजा जास्त असती तर पूर्वेकडून पूर्ण प्रदक्षिणा सांगितली असती. तशदिर्त, तिझी लिकेम्त, अमसूझर्ट, मग इफ्नी तळं आणि तिझी न'वानूम्सची चढण. इफ्नी २,२९५ मीटरवर आहे, चारी बाजूंनी उघडेबोडके डोंगर आणि मध्ये हिरवंगार पाणी. पण त्याला सहा-सात चालीचे दिवस लागतात. तुम्हाला ते यावेळी बसत नाही.

गाइडबद्दल. नाही, गाइडशिवाय जाता येणार नाही. डिसेंबर २०१८मध्ये इम्लीलजवळ दोन स्कॅन्डिनेव्हियन तरुणींची हत्या झाली, त्यानंतर तुबकालच्या वाटेवर तपासणी चौक्या आल्या. तिथे पासपोर्ट बघतात आणि परवानाधारक गाइड बरोबर असल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. गाइडकडे सरकारी ओळखपत्र असतं, ते दाखवायला सांगा, त्यात कुणाला राग येत नाही. बरेच जण अझिलालकडच्या तबांत गावातल्या पर्वतीय प्रशिक्षण केंद्रातून शिकून आलेले असतात आणि हवा, वाट, आजार यांचं त्यांना चांगलं कळतं. शक्यतो इम्लील किंवा अरूमदचाच माणूस घ्या, थेट बोला. शहरातल्या मधल्या माणसाकडे जाणारा पैसा तेवढा गावात राहतो.

आणि गावात तो राहायला हवा. ८ सप्टेंबर २०२३च्या रात्री इथे ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र याच अल हौझ प्रांतात, बळी जवळपास तीन हजार. २०२४ला गेलो तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं, तरी रस्त्याकडेला तंबू होते आणि कुटुंबं त्यात राहत होती. दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडी वाशांवर मातीचं जड छप्पर, अशी घरं रात्री झोपलेल्या माणसांवर कोसळली. मी लातूरकडचा. १९९३च्या ३० सप्टेंबरला किल्लारीत काय झालं ते लहानपणापासून ऐकत आलोय, आणि त्या भिंती मला ओळखीच्या वाटल्या. अरूमदला ज्यांच्याकडे राहिलो त्या आजींना मी गाइडकरवी हे सांगितलं. त्यांनी माझा हात धरून ठेवला, बराच वेळ. पडक्या घरांचे फोटो काढू नका. तिथे राहा, तिथे जेवा, खेचरवाल्याला योग्य मजुरी द्या आणि निघताना बक्षिसी त्याच्या हातात द्या, दुसऱ्याकडे देऊ नका.

हवामान. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उत्तम निवडलात. आकाश स्वच्छ, दिवसा चालायला ऊब, रात्री रिफ्यूजवर शून्याच्या आसपास. कधी कधी महिनाअखेरीस पहिला बर्फ पडतो, म्हणून निघायच्या आठवडाभर आधी गाइडला वरची स्थिती विचारा. नोव्हेंबरपासून मेच्या सुरुवातीपर्यंत हा डोंगर वेगळाच असतो : क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे लोखंडी काटे), आइस अ‍ॅक्स (बर्फाची कुऱ्हाड) आणि ते वापरायची सवय लागते. ऑगस्टही टाळावा असं माझं मत. दुपारी ढगफुटी होते, ओढे क्षणात भरतात. १७ ऑगस्ट १९९५ला उरिका आणि इम्लीलच्या खोऱ्यांत असाच पूर आला आणि शेकडो माणसं गेली. तंबू कोणत्याही महिन्यात लावा, ओढ्याच्या पात्रात लावू नका.

जेवणाचा प्रश्न सोपा आहे, फक्त आधी बोलावं लागतं. ताजिन म्हणजे मातीच्या झाकणाच्या भांड्यात मंद आचेवर शिजवलेलं. भाज्या आणि मांस एकत्रच शिजतं, आणि 'मांस काढून देतो' असं यजमान अगदी प्रेमानं म्हणतात. म्हणून 'बला ल्हम', मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करा आणि गाइडला फोनवरच सांगा की भांडं वेगळं हवं. हरीरा सुपात बहुतेकदा मांसाचं पाणी असतं, ते विचारून घ्या. अदस म्हणजे मसूर, लुबिया म्हणजे पांढरा घेवडा, दोन्ही पावाबरोबर फार छान लागतात. आमच्याकडे शेंगदाण्याची चटणी होती, ती आमच्या स्वयंपाक्यालाच इतकी आवडली की दुसऱ्या रात्री डबा रिकामा. दोन डबे न्या. ओढ्याचं पाणी वर गुरं चरतात म्हणून शुद्धीकरणाच्या गोळ्या टाकूनच प्या. वर प्लास्टिकच्या बाटल्या विकत घेऊ नका, त्यांचा कचरा खाली आणणं अवघड होतं.

विम्याकडे नीट बघा. पुष्कळ प्रवास विम्यांत ट्रेकिंगला उंचीची मर्यादा असते, आणि ती ४,००० मीटर असेल तर शेवटचे १६७ मीटर तुमचे तुम्ही. डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल डॉक्टरांशी बोला, ती गोळी घाईची भरपाई नव्हे. व्हिसा लागतो, ई-व्हिसाचे नियम मोरोक्कोच्या अधिकृत संकेतस्थळावरच वाचा. ड्रोन नेऊ नका, कस्टममध्ये काढून घेतात. दिरहॅम, म्हणजे तिथलं चलन, इकडे मिळत नाहीत, तिथे उतरल्यावर युरो बदलून घ्या. सुट्ट्या नोटा मराकेशमध्येच जमवा, वर कार्ड चालेल या भरवशावर राहू नका.

राहिलं सहारा. मराकेशहून मेर्झूगा रस्त्यानं साडेपाचशे किलोमीटरहून जास्त, सगळा दिवस गाडीत, आणि तेवढाच परत येताना. दहातले दोन दिवस विमानात गेले, चार-पाच डोंगरात, उरलेल्या तीनांतले दोन खिडकीशी बसून काढायचे आणि एक रात्र वाळूत. मी तुमच्या जागी असतो तर यावेळी ते सोडलं असतं. एक दिवस वाईट हवेसाठी राखून ठेवा, आणि तो लागला नाही तर इम्लीलहून तिझी न'तमातर्तवर चढून तशदिर्तच्या बाजूला उतरा. त्या दिवसांत अक्रोड झोडपून झालेले असतात, गावातल्या सगळ्यांची बोटं सालीच्या रसानं काळी पडलेली असतात. आम्ही एका अंगणात बसून दोन तास अक्रोड सोलत राहिलो. माझी बोटं पुण्याला परतल्यावरही पंधरा दिवस काळी होती.