पहिला खिशातला चाकू आणि विमानप्रवास

ट्रेकसाठी पहिलाच चाकू घेतोयस ना, मग ते तीस फंक्शनवालं धूड नको, खिशात नुसती वीट होते. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा स्पार्टन नावाचा घडीचा चाकू (मिटवल्यावर ९१ मिमी) बास झाला, दोन पाती, कॅन ओपनर आहे, कांदा, दोरी सगळं कापून निघतं. धारेचे दगड-बिगड नंतर बघू.

विमानाचं मात्र नीट ऐक:
- केबिन बॅगेत चाकू टाकूच नकोस, पातं केवढंही असो. चेक-इनमध्ये, मिटवून, फडक्यात गुंडाळून.
- निघताना सॅकचं वरचं झाकण, कंबरपट्ट्याचा खिसा अन् किल्ल्यांचा जुडगा तपास, नवख्यांचे चाकू इथेच राहतात आणि सिक्युरिटीला जप्त होतात, हुज्जत घालून काही मिळत नाही.
- चेक-इन बॅगच नसेल तर चाकू घरी ठेव, उतरल्यावर बाजारातून साधा भाजीचा घे.