तिसरी फळी तासू नका, आधी चौकटीचा पीळ बघा

तुम्ही लिहिलंय, १४ फुटी होडीच्या पहिल्या दोन फळ्या दोन्ही बाजूंना छान बसल्या. तिसरी उजवीकडे बसते, पण डावीकडे मागच्या दोन साच्यांवर (फळ्यांना आकार देणाऱ्या तात्पुरत्या आडव्या पाट्यांवर) बोटभर उचललेली राहते, म्हणून आता ती तासून बसवणार. कृपा करून थांबा. मी नेमकं हेच केलं होतं आणि त्याचं नुकसान आजही भोगतोय.

साचे, उलटी बांधणी (होडी पालथी ठेवून बांधणं), हे तुम्हाला माहीतच आहे, त्यात जात नाही. डाव्या-उजव्या फळ्या एकावर एक ठेवून कापल्या असतील तर उजवीकडची काढा, पालथी करा आणि डावीकडे लावा. तीही तिथेच उचलली गेली तर फळीचा काही दोष नाही. साचे ज्यावर उभे आहेत ती खालची चौकट पिळली आहे, म्हणजे तिचे चार कोपरे एका पातळीत नाहीत.

माझ्या पहिल्या होडीत दुसरी फळी चिकटवून झाल्यावर भिंतीकडच्या बाजूला क्लॅम्प लावायला जागा पुरेना, म्हणून मी सगळी चौकट साच्यांसकट वीतभर सरकवली. एका पायाखालची पाचर निसटली. ती मला दिसलीसुद्धा. उचलून जवळपास पहिल्यासारखी सरकवली आणि कामाला लागलो, कारण लेव्हल एकदा काढून झाली होती! तिसरी फळी बसेना तेव्हा कडेने रंधा मारला. मग चौथीला मारला. साच्यांच्या मध्यावर लांबीने ताणलेली दोरी सगळ्या खुणांवरून सरळ जात होती, त्यामुळे शंका आली नाही. पण चौकट मधल्या रेषेभोवती पिळली तर त्या दोरीला काही कळतच नाही. सहा महिन्यांनी होडी सुलटी केली, मागे बसून नाळेकडे (पुढच्या टोकाकडे) नजर लावली, तर होडीची मागची बाजू बंद करणारी आडवी फळी एका बाजूला कललेली. रिकाम्या चौकटीवर मोजलं तर ११ मिमी पीळ. वल्ही दोन्हीकडे सारखी मारली तरी ती होडी डावीकडेच जाते.

तुमचे साचे उभे आहेत, त्यामुळे कर्णांवर दोऱ्या ताणता येणार नाहीत. लेव्हल पाइप (पाणी भरलेली पारदर्शक नळी) घ्या. एक टोक स्टुलावरच्या पाण्याच्या बादलीत ठेवा, पाइपमधले बुडबुडे पूर्ण काढा, आणि दुसरं टोक चारही कोपऱ्यांशी नेऊन पाण्याच्या रेषेपासून चौकटीपर्यंतचं अंतर लिहून घ्या. कर्णाने समोरासमोर येणाऱ्या कोपऱ्यांची बेरीज करा. दोन्ही बेरजा सारख्या आल्या तर पीळ नाही, मग चौकट थोडी उताराला असली तरी चालतं. जितका फरक येईल तितका एक कोपरा इतर तिघांच्या पातळीतून बाहेर आहे. पुढच्या वेळी साचे उभे करण्याआधी दोन्ही कर्णांवर दोऱ्या ताणा, मध्यावर त्या जेमतेम टेकायला हव्यात. तिथे ३ मिमी फट दिसली तर कोपरा ६ मिमीने चुकलाय. वरची दोरी खालचीला दाबत असली तरी टेकल्यासारखीच दिसते, म्हणून खालची वर घेऊन पुन्हा बघा. आणि दोऱ्या हलू नयेत म्हणून पंखा बंद ठेवा.

तुमच्या दोनच फळ्या लागल्यात, म्हणजे होडी अजून लवचीक आहे. चुकलेल्या कोपऱ्याखाली पाचर हळूहळू ठोका आणि फट मिटते का बघत राहा. माझ्या मते मिटेल, पण मी सुतार नाही, तीनच होड्या बांधल्यात, तेव्हा खात्री देत नाही. पाच फळ्या लागल्यावर मात्र चौकट सरळ केली तरी होडी सरळ होत नाही, हे अनुभवाने सांगतो.

चौकटीला चाकं लावायला माझा ठाम विरोध आहे. जागा नसेल तर पत्करावी लागतात, पण मग शिडीसारख्या उघड्या चौकटीऐवजी प्लायची चारही बाजूंनी बंद पेटी बनवा. बंद पेटी सहज पिळत नाही. फरशीच्या भरवशावर तर काहीच मोजू नका, पाणी निघून जावं म्हणून तिला बऱ्याचदा मुद्दाम उतार दिलेला असतो. लाकडाबद्दलही तेच. मला 'पूर्ण सुकलेलं आहे' असं छातीठोकपणे सांगून दिलेले वासे दोन महिन्यांत वाकले. विकणाऱ्याचं काय जातं? तेव्हापासून मी चौकटीचे वासेसुद्धा प्लायच्या पट्ट्या चिकटवूनच करतो.

तुमच्या फोटोत साच्यांच्या कडा उघड्या दिसतात. त्यांवर प्लास्टिकची पॅकिंग टेप लावा, नाहीतर फळ्या चिकटवायच्या इपॉक्सी गोंदाने साचे होडीलाच चिकटतील. पाचर बसली की पाय फरशीला अँगलने पक्के करा, पायाभोवती पेन्सिलीने रेघ ओढा, आणि दर फळीआधी चारही कोपरे पुन्हा मोजा. दहा मिनिटं लागतात. चार कोपऱ्यांचे आकडे इथे टाका, कोणता कोपरा किती उचलायचा ते मिळून बघू. तोपर्यंत तिसऱ्या फळीला इपॉक्सी लावू नका.