मोर्चाला जाऊ नकोस, असं तिला सांगू का?

पत्र थोडक्यात असं : "माझी मुलगी बीडीएस करून अमेरिकेत बॉस्टनला एपिडेमिऑलॉजीत, म्हणजे साथरोगशास्त्रात, एमएस करते आहे. मे महिन्यात शिक्षण संपेल. १८ ऑक्टोबर २०२५ ला ती ट्रम्प सरकारविरोधी 'नो किंग्ज'च्या मोर्चाला गेली होती, हे आम्हाला तिच्या मैत्रिणीने टाकलेल्या फोटोवरून कळलं. तेव्हापासून यांच्या डोळ्याला डोळा नाही. ते म्हणतात, विषय बदल, डेटा अ‍ॅनालिटिक्सला जा, तोंड बंद ठेव, नाहीतर सरळ परत ये. कर्जासाठी घर तारण आहे. मुलगी आता फोनवर दोन वाक्यांपलीकडे बोलत नाही. मोर्चाला जाऊ नकोस, असं मी तिला बजावून सांगू का?" – एक आई

ताई, नमस्कार.

पत्रासोबत तुम्ही तो फोटोही पाठवलात, हे बरं केलंत. मी तो मोठा करून पाहिला. तुमच्या मुलीच्या हातात पार्सलच्या खोक्याचा कापलेला पुठ्ठा आहे, कडेला चिकटपट्टी अजून तशीच आहे. त्यावर घोषणा नाही. मार्करने काढलेला स्तंभालेख आहे, खाली वर्षं लिहिली आहेत आणि शेवटचा स्तंभ लाल आहे. वर एकच शब्द, गोवर. तुम्हाला फोटोत गर्दी दिसली आणि पोटात गोळा आला. मला आधी तो आलेख दिसला.

त्या लाल स्तंभाचा अर्थ सांगते. अमेरिकेने गोवर हद्दपार केल्याचं २००० साली जाहीर केलं होतं. २०२५ मध्ये तिथली गोवराची रुग्णसंख्या १९९२ नंतरची सर्वाधिक झाली. टेक्सासमधली दोन लहान मुलं आणि न्यू मेक्सिकोतली एक प्रौढ व्यक्ती दगावली. त्याच वर्षी ९ जूनला आरोग्यमंत्र्यांनी लसीकरणाबाबत सल्ला देणाऱ्या समितीच्या सगळ्या १७ सदस्यांना एका फटक्यात घरी पाठवलं. ऑगस्टमध्ये सीडीसीच्या, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या, संचालकांना पदावर येऊन महिना व्हायच्या आत काढलं, वरिष्ठ अधिकाऱ्यांनी राजीनामे दिले आणि अटलांटाच्या कार्यालयाबाहेर कर्मचारी टाळ्या वाजवत त्यांना निरोप द्यायला उभे राहिले. साथींचा अभ्यास करणाऱ्या मुलीला याचं काहीच वाटलं नसतं, तर तिने विषय चुकीचा निवडला असं मी म्हटलं असतं. तुमच्या लेकीचा विषय आणि तिचा मोर्चा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. म्हणून "विषय बदल" आणि "गप्प बस" या दोन्ही सल्ल्यांना माझं उत्तर नाही असं आहे.

पण तुमची धास्ती खोटी आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. २५ मार्च २०२५ ची ती चित्रफीत तुम्ही पाहिलीत असं लिहिलंय. टफ्ट्स विद्यापीठातली तुर्की संशोधक विद्यार्थिनी सॉमरव्हिलमध्ये रस्त्याने चालली आहे आणि इमिग्रेशन खात्याची साध्या वेशातली, चेहरे झाकलेली माणसं तिला घेरतात. तुमची मुलगी राहते तिथून हे गाव नदीपलीकडे. त्या विद्यार्थिनीने वर्षभरापूर्वी विद्यापीठाच्या वर्तमानपत्रात इतरांसोबत एक लेख लिहिला होता. व्हिसा रद्द झाल्याचं तिला कुणी कळवलंही नव्हतं. लुइझियानाच्या कोठडीत तिचे सहा आठवडे गेले, ९ मे रोजी न्यायाधीशांनी तिला सोडलं. लेख लिहिला म्हणून विद्यार्थ्याला कोठडीत टाकणं हा अन्याय आहे. "तिनं तरी कशाला लिहायचं?" असं म्हणून आपण त्या अन्यायाचा दोष तिच्या पदरात टाकू नये.

३० सप्टेंबरला बॉस्टनच्याच फेडरल कोर्टाने निकाल दिला की कायदेशीरपणे राहणाऱ्या परदेशी नागरिकांनाही अभिव्यक्तीचं तेच स्वातंत्र्य आहे, जे अमेरिकी नागरिकांना आहे. म्हणजे तुमची मुलगी मोर्चात उभी राहिली, तो तिचा हक्क होता. पण हक्क कोर्टात सिद्ध होईपर्यंत जे आठवडे जातात, ते विद्यार्थ्याच्या आयुष्यातले जातात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या दोन्ही धरूनच पुढचं बोलू.

गप्प बसलं की सुरक्षित राहता येतं, असं यजमानांना वाटतंय. माझ्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगते. कॉम्प्युटर सायन्सचा मुलगा, अभ्यास आणि क्रिकेट यापलीकडे कशात नाही. एप्रिल २०२५ मध्ये रात्री अडीच वाजता त्याचा फोन आला. "मॅडम, माझं सेव्हिस बंद झालंय." सेव्हिस म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद. ती बंद झाली की तिथे राहण्याचा आधारच डळमळतो. कारण काय, तर दोन वर्षांपूर्वीची वाहतुकीची केस, जी कोर्टाने केव्हाच निकालात काढली होती. त्या महिन्यात अशा हजारो विद्यार्थ्यांच्या नोंदी बंद झाल्या. गुन्हे नोंदींच्या यादीशी नावं जुळवली आणि जी जुळली ती उडवली. ठिकठिकाणी दावे दाखल झाले, न्यायाधीशांनी सरकारला धारेवर धरलं आणि २५ एप्रिलला नोंदी परत सुरू करत असल्याचं सरकारने सांगितलं. तो मुलगा कुठल्याच मोर्चाला गेला नव्हता. त्याच्या कामी आला तो केस निकाली निघाल्याचा कोर्टाचा शिक्क्याचा कागद. वर्गातल्या एका मुलाकडे तो नव्हता, त्याची फार ओढाताण झाली.

म्हणून तुम्ही मुलीकडे गप्प राहण्याचं वचन मागू नका, कागदांच्या शिस्तीचं मागा. ते ती देईल.

व्हिसा आणि स्टेटस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी घरात सगळ्यांनी समजून घ्या. व्हिसा हा देशात शिरायचा परवाना. आत राहण्याचा अधिकार टिकतो तो आय-२० (विद्यापीठाने दिलेलं पात्रतेचं प्रमाणपत्र) आणि सेव्हिसवर. तो टिकवायचा म्हणजे पूर्णवेळ क्रेडिट्स भरलेली हवीत, पत्ता बदलला तर १० दिवसांत कळवलेला हवा आणि परवानगीशिवाय एक तासाचंही काम केलेलं नको. बाहेर पडताना आय-९४ ची, म्हणजे देशात प्रवेश केल्याच्या नोंदीची, प्रत जवळ. मोर्चा असो की नसो, एका इमिग्रेशन वकिलाचा नंबर कागदावर लिहून खिशात, कारण फोन हातातून जाऊ शकतो. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागातले लोक मदत करतात, पण ते तिचे वकील नाहीत, हे तिला स्पष्ट माहीत हवं.

आणि मोर्चाला जायचं असेल तर ठरवून जाहीर केलेल्या, आयोजक माहीत असलेल्या मोर्चालाच जावं. पोलिसांनी पांगायची सूचना केली की त्या क्षणी निघावं, वाद घालू नये, चित्रीकरणासाठीही थांबू नये. अटक झाली आणि पुढे काहीच सिद्ध झालं नाही, तरी अटकेची नोंद राहते. एप्रिलमध्ये अशाच नोंदी शोधल्या गेल्या. तिच्या अमेरिकन मैत्रिणी थांबतील, कारण त्यांचा धोका वेगळा आहे. "तुम्ही थांबा, मी निघते" म्हणण्यात भित्रेपणा नाही, हे तिला आईकडून ऐकायला मिळालं तर फार बरं होईल. जाण्याआधी तुम्हाला एक मेसेज, परतल्यावर एक मेसेज.

अकाउंट उडवून टाक असं तुम्ही तिला म्हणालात, ते मागे घ्या. व्हिसाच्या अर्जात गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या सोशल मीडियावरच्या खात्यांची नावं विचारतात आणि जून २०२५ पासून विद्यार्थी अर्जदारांना खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगितलं जातं. काही लपवल्याचं दिसणं हे मतं दिसण्यापेक्षा महागात पडू शकतं. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र तो फोटो फिरवणं थांबवा. तिच्या काकांनी तो आणखी तीन ग्रुपवर टाकला असं तुम्हीच लिहिलंय.

आता करिअरचं. नोकऱ्या आटल्यात हे यजमानांचं म्हणणं बरोबर आहे. १ एप्रिल २०२५ ला अमेरिकेच्या आरोग्य खात्याने १०,००० जणांच्या कपातीला सुरुवात केली, १ जुलैला परदेशांना मदत देणारं यूएसएड बंद झालं, विद्यापीठांच्या संशोधनाच्या पैशावर टाच आली. तिने पहिल्या वर्षी ज्या संस्थांची नावं डोळ्यांसमोर ठेवली असतील, त्यातल्या काही आज नाहीतच. पण फेडरल सरकारच्या बहुतेक नोकऱ्यांना मुळातच नागरिकत्व लागतं, तो दरवाजा तिच्यासाठी आधीही जवळजवळ बंदच होता. आणि एपिडेमिऑलॉजी सोडून डेटा अ‍ॅनालिटिक्स म्हणजे काय? ती आज आर आणि सॅस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरवर तेच करते आहे, शिवाय आकड्यामागचा आजार तिला कळतो. नवा कोर्स म्हणजे नवं कर्ज. ते करू नका.

त्याऐवजी तिला आजच्या आज आय-२० काढून त्यावरचा सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासक्रमाचा सरकारी वर्गीकरण क्रमांक, वाचायला सांगा. २६.१३०९ असेल तर तो एपिडेमिऑलॉजीचा, स्टेममध्ये, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणिताच्या यादीत, मोडणारा कोड. म्हणजे शिक्षणानंतर १२ महिन्यांचं ओपीटी, म्हणजे आपल्या विषयातलं काम करायची परवानगी, आणि त्यावर आणखी २४ महिने. ५१.२२०१ असेल तर तो सर्वसाधारण पब्लिक हेल्थचा, स्टेममध्ये नाही, १२ महिन्यांत संपलं. एकाच विभागातल्या दोन मुलींच्या कागदांवर वेगळे कोड असलेले मी पाहिले आहेत आणि एकीला ते पदवीनंतर कळलं. बायोस्टॅटिस्टिक्सकडे झुकलेले दोन विषय शेवटच्या सत्रात घेता आले तर घ्यावेत. नोकरीसाठी बॉस्टनमधली मोठी रुग्णालयं आणि त्यांच्या संशोधन संस्था, केंब्रिजमधल्या औषध कंपन्या, राज्यांची आरोग्य खाती, या क्रमाने पाहावं. इकडे यायचंच ठरलं तर चेन्नईत आयसीएमआरची राष्ट्रीय एपिडेमिऑलॉजी संस्था आहे, तिथल्या प्रकल्पांवर नजर ठेवावी.

"परत ये" म्हणताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. २१ सप्टेंबर २०२५ पासून एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जावर १,००,००० डॉलरचं शुल्क लागू झालं. २० ऑक्टोबरच्या खुलाशानुसार, अमेरिकेत राहून विद्यार्थी स्टेटस बदलून घेणाऱ्यांच्या अर्जाला ते लागत नाही. घाबरून तिला आता बोलावलंत आणि दोन वर्षांनी तिला तिकडे नोकरी करावीशी वाटली, तर ते शुल्क तेव्हाही लागू असल्यास ती त्याच्या चुकीच्या बाजूला उभी असेल. कर्ज फेडायचा हिशेब करताना हे धरा.

तिच्या क्षेत्रातली माणसं काय करताहेत, तेही तुम्हाला माहीत असावं. ३१ जानेवारी २०२५ ला सीडीसीच्या संकेतस्थळावरून आरोग्याची पानं आणि आकडेवारी काढली गेली, तेव्हा ठिकठिकाणच्या संशोधकांनी मिळेल ते उतरवून जपून ठेवलं. डॉक्टरांची संघटना कोर्टात गेली आणि ११ फेब्रुवारीला पानं परत लावायचा आदेश निघाला. जूनमध्ये एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या कर्मचाऱ्यांनी आपल्याच संचालकांना उद्देशून 'बेथेस्डा जाहीरनामा' काढला, अनेकांनी नावानिशी सह्या केल्या. मोर्चा सोडून हे कर, असं मी तिला सांगणार नाही. पण आकडे सांभाळणं हाही तिच्या पेशातला प्रतिकार आहे आणि तो तिच्या बायोडेटात अभिमानाने लिहिता येतो. तिच्या विभागात असं काम कोण करतं, ते तिने मार्गदर्शक प्राध्यापकांना विचारावं.

ती फोनवर का बोलत नाही, तेही तुमच्या पत्रातच आहे. गेला महिनाभर प्रत्येक फोनवर तुमचं पहिलं वाक्य "परत गेली नव्हतीस ना?" हेच आहे. उद्या फोन कराल तेव्हा त्या आलेखाचं विचारा. आकडे कुठून घेतले, शेवटचा स्तंभ कोणत्या महिन्यापर्यंतचा आहे, घोषणा सोडून आलेखच का काढला. ती सांगत सुटेल, मध्ये बोलू नका. यजमानांनाही शेजारी बसवा.

मग कोड विचारा आणि मला कळवा. ओपीटीचा अर्ज शिक्षण संपायच्या ९० दिवस आधीपासून करता येतो. तिची तारीख मेमध्ये असेल तर फेब्रुवारीत कागद तयार हवेत, म्हणजे हाताशी वेळ फार नाही.