ॲसिडने धुतलेली बाथरूमची बुरशी परत का येते?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. जळगावात भाड्याचं घर, बाथरूमच्या टाइल्सच्या सांध्यांत आणि छताच्या कोपऱ्यात काळे डाग, ॲसिडने धुतलं की थोडे दिवस चकाचक आणि मग पुन्हा तेच. त्यात आईला दमा. आईचं लिहिलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो. मी भुसावळ-जळगाव भागात फरशी आणि वॉटरप्रूफिंगची कामं घेतो, त्यामुळे अशी बाथरूमं नेहमीच बघण्यात येतात.

सगळ्यात आधी ते ॲसिड बंद करा. टाइलला त्याने फारसं काही होत नाही, पण सांध्यातल्या सिमेंटला ते खातं. ओतल्यावर जो फेस येतो तो नुसत्या क्षाराचा नसतो, सांधाही त्यात थोडा थोडा विरघळत असतो. आपल्याकडे बऱ्याच घरांत सांध्यात चांगलं ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा खास मसाला, नसतंच, व्हाइट सिमेंट फासलेलं असतं. चार-सहा वेळा ॲसिड पडलं की ते खडबडीत होतं, खोल जातं, आणि त्या खळग्यांत पाणी आणि साबण साचून राहतो. म्हणजे प्रत्येक धुण्यानंतर बुरशीला आधीपेक्षा चांगली जागा मिळते. खाली शहाबादी किंवा कोटा फरशी असेल तर अजून वाईट. हे दोन्ही चुनखडीचे दगड, ॲसिडने त्यांचा वरचा थरच जातो.

आता बुरशी जगते कशावर, ते बघा. टाइलवर तिला खायला काही नाही. तिचं खाणं म्हणजे साबणाचा थर, अंगाचा मळ, तेल. आपलं बोअरचं पाणी जड. त्यातला कॅल्शियम साबणाला धरतो आणि न विरघळणारा चिकट पांढरा थर भिंतीवर बसतो. त्या थरात बुरशी मूळ धरते. वरून काळं घासलं आणि थर तसाच राहिला, तर पंधरवड्यात पुन्हा काळं. नळाजवळ किंवा बादलीच्या तळाशी गुलाबी बुळबुळीत दिसत असेल तर ती बुरशी नसून बहुतेक जिवाणूंची वाढ असते, पण उपाय तोच.

म्हणून काम दोन वेगवेगळ्या दिवशी करायचं.

पहिल्या दिवशी फक्त पांढरा थर. किराणा दुकानात लिंबूसत्व मिळतं. एक लिटर कोमट पाण्यात दोन-तीन मोठे चमचे घाला. आधी भिंत साध्या पाण्याने ओली करून घ्या, म्हणजे सांधे ते आंबट पाणी पिणार नाहीत. मग लावा, दहा मिनिटं थांबा, नायलॉनच्या ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा. तारेचा ब्रश नको, त्याने सांधा उकरला जातो. फरशी शहाबादी, कोटा किंवा संगमरवराची असेल तर तिथे लिंबूसत्वही नको, भांड्याच्या साबणाचं गरम पाणी आणि थोडी जास्त मेहनत. कोरड्या बुरशीवर कधीही ब्रश चालवू नका. तिचे बीजाणू हवेत उडतात आणि आईला त्रास नेमका त्यांचाच होतो.

दुसऱ्या दिवशी, सगळं वाळल्यावर, क्लोरीन. ब्लीचिंग पावडर ताजी, बंद पाकिटातली घ्या. उघडी राहिलेली पावडर पावसाळ्यात ओल धरते आणि तिच्यातला क्लोरीन उडून जातो, मग नुसता चुनाच उरतो. एक लिटर पाण्यात दोन चमचे कालवा, गाळ खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी वापरा. लावून दहा-पंधरा मिनिटं ओलं राहू द्या. इथेच बहुतेक लोक घाई करतात, लावलं की लगेच धुतात. मग स्वच्छ पाण्याने धुवा, नळ-शॉवर नीट पुसून घ्या, नाहीतर त्यांची चकाकी जाते. कमोड किंवा बेसिनच्या कडेला सिलिकॉनची पट्टी असते, तिथे पाणी ओघळून जातं. त्याला माझी पद्धत अशी, कापसाची लांब वात वळायची, याच पाण्यात भिजवून पट्टीवर दाबून ठेवायची, तास-दोन तासांनी काढायची. तरीही काळं राहिलं तर बुरशी सिलिकॉनच्या आत शिरली आहे. मग ब्लेडने पट्टी कापून काढा, जागा पूर्ण एक दिवस वाळू द्या आणि बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन भरा.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड, टॉयलेट क्लीनर, व्हिनेगर किंवा लिंबूसत्व एकत्र येऊ देऊ नका, एकाच मोरीत एकापाठोपाठ सुद्धा नको. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. अमोनिया असलेला काचेचा क्लीनरही ब्लीचिंगसोबत नको, त्यातूनही विषारी वायू सुटतो. डोळे-घसा चुरचुरला तर धुवायला थांबू नका, आधी बाहेर या. त्या दिवशी आईला शेजारी किंवा बहिणीकडे पाठवा आणि वास पूर्ण जाईपर्यंत परत बोलावू नका. हातात रबरी मोजे, डोळ्यावर चष्मा, खिडकी-दार उघडं. तोंडावरचा साधा मास्क बीजाणूंना थोडाफार अडवतो, वायूला अडवत नाही.

इतकं केलं की डाग जातील. ते परत येऊ नयेत हे खरं काम. तुमच्या घरी किंवा नात्यात कुणाची केळीची बाग असेल तर त्यांना केळीच्या पानांवरच्या करपा रोगाबद्दल विचारा. तीही बुरशीच. रोगट पानं काढली नाहीत, बागेत पाणी साचू दिलं, हवा खेळू दिली नाही, तर नुसत्या फवारणीने करपा आटोक्यात येत नाही, हे कुठलाही रावेर-यावलचा शेतकरी सांगेल. बाथरूमलाही तोच नियम.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, हवा कोरडी असते, तेव्हा बुरशी झोपते. लोकांना वाटतं गेली. मग पावसाळ्यात ती उठते. आणि दुसरा काळ लोकांच्या लक्षात येत नाही, तो डिसेंबर-जानेवारीचा. पहाटे पारा दहाच्या खाली, भिंती गार, आत कढत पाणी आणि थंडी नको म्हणून खिडकी बंद. ती सगळी वाफ छतावर आणि कोपऱ्यात पाणी होऊन बसते. तुमच्या छताचे डाग बहुधा याचेच. उन्हाळ्यात गरम वारा आत येऊ नये म्हणून खिडकीच्या पट्ट्यांवर पुठ्ठा किंवा थर्माकोल चिकटवलेला असतो, तो नंतर कुणी काढत नाही. तुमच्याकडे असेल तर आजच काढा, डासांसाठी जाळी लावा.

दुसरं कारण पिंपं. आपल्याकडे कितीतरी गावांत नळ रोज येत नाही, म्हणून बाथरूममध्ये ड्रम भरून ठेवावेच लागतात. उघडा ड्रम रात्रंदिवस हवा दमट ठेवतो. घट्ट झाकण लावा, डेंग्यूचे डासही तिथे अंडी घालणार नाहीत. ड्रम भिंतीपासून वीतभर लांब आणि विटांवर ठेवा, त्याच्या मागेच बुरशीचं ठाणं असतं.

बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर तो बाहेर काढायला घरमालकाला सांगाच. गॅस जळताना वाफही होते, पण भीती तिची नाही. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नसतो, आणि अंघोळीला गेलेलं माणूस आत कोसळतं.

अंघोळीनंतर वायपरने भिंती वरून खाली ओढा, मग फरशी. हे मिनिटभराचं काम सगळ्या औषधांपेक्षा भारी आहे. एक्झॉस्ट फॅन दाराच्या समोरच्या भिंतीत, छताजवळ हवा, आणि दाराखाली बोटभर फट, नाहीतर तो ओढणार काय? अंघोळीनंतर अर्धा तास चालू ठेवा. ओले कपडे आत वाळत घालू नका. फरशीवर पाणी थांबत असेल तर नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे, उतार कमी आहे. दर मीटरला एक-दीड सेंटिमीटर तरी हवा. हे काम घरमालकाचं, आणि त्याच वेळी खराब सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट भरून घ्या म्हणावं. ते महाग आहे, पण पाणी पीत नाही. छताला रंग मारायचा तर आधी बुरशी मारून पूर्ण वाळू द्या, डागावर थेट रंग मारला तर पोपडे येतात. आपले वडीलधारे दरवर्षी दिवाळीआधी न्हाणीला चुना द्यायचे, त्यात अर्थ होता, कारण ताज्या चुन्याच्या तीव्र अल्कलीत बुरशी टिकत नाही.

आता फक्त एक शंका उरते, छताची ओल आतल्या वाफेची की वरच्या गच्चीची. डाग पुसून कोरडा झाला की फूटभर लांब-रुंद जाडसर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने छताला लावा. दोन दिवसांनी पाणी प्लास्टिकच्या आत, छताच्या बाजूला दिसलं तर गळती वरून आहे. खोलीच्या बाजूला दिसलं तर वाफ. डागाभोवती पिवळी कड किंवा पांढरा लोणा, म्हणजे फुलून आलेला क्षार, असेल तर तीही गळतीचीच खूण. काय दिसलं ते इथेच लिहा, गळती निघाली तर घरमालकाकडे कोणतं वॉटरप्रूफिंग मागायचं ते सांगतो.