वाफ आली, तरी धूर सुटेना

प्रश्न : मुलाने दिलेल्या व्हेपमुळे (ई-सिगारेटमुळे) दिवसाच्या दहा सिगारेटी दोनवर आल्या, परंतु जिनिंगवर कापूस टाकून परततानाची पानठेल्यावरची आणि रात्री ओलिताला जातानाची काही सुटत नाही. काय करावे?
— एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : या दोन सिगारेटी त्या जागांना आणि वेळांना चिकटलेल्या दिसतात, म्हणून परतीचा रस्ता बदलावा आणि ओलिताला जाताना खिशात काडेपेटीऐवजी बडीशेप ठेवावी. व्हेपमध्येही बहुधा निकोटिनच असते, शिवाय २०१९ च्या कायद्याने त्याची विक्री देशात बंद आहे. मुलावर मात्र रागावू नये, त्याचा हेतू चांगलाच होता. डॉक्टरांना विचारून दोन मिलिग्रॅमचे निकोटिन गम घ्यावे, पण ते तंबाखू-सुपारीच्या खर्‍यासारखे सतत चघळू नये : तोंडात चुरचुरले की गालात दाबून ठेवावे आणि चुरचुर ओसरली की पुन्हा चावावे. १८००-११२-३५६ या सरकारी क्रमांकावर मोफत समुपदेशनही मिळते.